सांगली जिल्हा नियोजन समितीस खुले पत्र : किडनीच्या चाचणीचं मशीन घेण्याआधी लघवी मोजा

प्रति,
मा. पालकमंत्री तथा अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
जिल्हा नियोजन समिती, सांगली

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेत पॅथॉलॉजीची लॅब चालवते. लघवी तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे या पत्रात तो शब्द वारंवार येणार आहे. बैठकीत हे पत्र वाचून दाखवायची वेळ आलीच तर कुणी संकोच करू नये, आणि 'मूत्र' म्हणून त्याला सोवळंही नेसवू नये.

अचानक किडनी बंद पडणाऱ्या रुग्णांचं पुढे काय होणार, हे लघवीतल्या काही प्रथिनांवरून आधीच सांगणाऱ्या चाचण्या आता बाजारात आल्या आहेत. 'बायोमार्कर' हा त्यांचा परवलीचा शब्द. कंपन्यांचे प्रतिनिधी गुळगुळीत पत्रकं घेऊन माझ्या लॅबच्या पायऱ्या चढतात. आज ना उद्या ते आपल्याही दारात येतील, आणि जिल्हा वार्षिक योजनेतून एखादं यंत्र घ्यावं असा प्रस्ताव टेबलावर पडेल. फीत कापायला यंत्र चांगलं असतं, हे मला कळतं. तो प्रस्ताव येण्याआधी हे पत्र आपल्या हाती पडावं म्हणून लिहिते आहे.

माझा या चाचण्यांना विरोध नाही. विज्ञान म्हणून त्या मला आवडतात, आणि त्या इथे रुळल्या तर माझ्या लॅबचा फायदाच आहे. क्रिएटिनिन या किडनीच्या नेहमीच्या रक्तचाचणीच्या शंभर-दीडशे रुपयांत काय सुटतं ते मलाच ठाऊक. पण उत्तर हाती आल्यावर रुग्णाच्या बाबतीत काही वेगळं केलं जाणार असेल, तरच भाकिताला किंमत. ते वेगळं करायची तयारी जिल्ह्यात कुठे आहे आणि कुठे नाही, हे बघून पैसे टाकावेत, एवढंच मला सांगायचं आहे.

'किडनी फेल' म्हटलं की आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला येणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. तो आजार वर्षानुवर्षं मुरलेला असतो, मधुमेहातून नाहीतर रक्तदाबातून आलेला. मी ज्याबद्दल लिहिते आहे तो वेगळा. परवापर्यंत शेतात राबणाऱ्या माणसाची किडनी दोन-चार दिवसांत बसते. डॉक्टर त्याला 'अक्यूट किडनी इंज्युरी' म्हणतात, बोलताना नुसतं 'एकेआय'. वेळेत सांभाळलं तर यातल्या बऱ्याच जणांची किडनी पुन्हा चालू होते. म्हणून इथे एकेका तासाचा हिशेब असतो.

आपल्याकडे हे रुग्ण कुठून येतात ते आपण सगळे जाणता, फक्त एका यादीत मांडत नाही. शिराळ्याचं नाव नागांसाठी झालं, पण किडनीच्या बाबतीत धास्ती घ्यायची ती घोणशीची. तिचं विष रक्त गोठण्याची व्यवस्था मोडतं आणि किडनीवरही उतरतं. कृष्णा-वारणेला २०१९ किंवा २०२१ सारखा पूर येऊन गेला, की घरातला चिखल उपसणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस या जंतूच्या आजाराचा धोका असतो, आणि तो जंतू नेमका किडनीत घर करतो. जत, आटपाडीकडे उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांनी सुकलेली माणसं येतात. बाळंतपणात रक्त गेलेल्या बाया, सेप्सिसचे, म्हणजे अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गाचे रुग्ण, मोठ्या ऑपरेशननंतरचे रुग्ण तर बारमाही.

आणि हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या. पहाटेपासून फडात, प्यायला पाणी जेमतेम, बायका तर आडोसा नाही म्हणून मुद्दाम कमी पाणी पितात. अंग दुखतं म्हणून संध्याकाळी मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची गोळी, चिठ्ठीशिवाय. सुकलेल्या शरीरात ही गोळी किडनीचा रक्तपुरवठा आणखी आवळते. नुसती गोळी किंवा नुसतं ऊन बहुतेकांना पचून जातं. दोन्ही एकत्र आले की पचत नाही.

आता रोगनिदानाकडे येते. क्रिएटिनिन हा स्नायूंतून रोज तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो बाहेर टाकते. रक्तात साचला, म्हणजे किडनी काम करत नाही. चाचणी स्वस्त आहे, सगळीकडे होते, आणि तिच्यावर सगळं जग चालतं. पण तिच्यात दोन उणिवा आहेत. एक म्हणजे उशीर. किडनीला मार बसल्यानंतर आकडा अंगावर यायला एक-दोन दिवस जातात. दुसरी उणीव आकड्यात लपलेली असते, आणि ती मला जास्त छळते.

समजा, फडावर काम करणारी एक बाई आहे, वजन चाळीस किलोच्या आत. अंगावर मांसच नाही, त्यामुळे तिचं एरवीचं क्रिएटिनिन ०.५. दोन दिवस उलट्या होऊन ती ग्रामीण रुग्णालयात येते आणि रिपोर्ट १.० येतो. बहुतेक लॅबच्या छापील रिपोर्टवर, माझ्याही, बायकांसाठी नॉर्मलची वरची मर्यादा १.१ च्या आसपास असते. म्हणजे तिच्या आकड्यापुढे तारा छापला जात नाही, आकडा ठळक होत नाही, बघणारा पान उलटतो. सलाईनची बाटली चढते, बरं वाटतं, घरी पाठवतात. जाताना अंगदुखीची गोळी असतेच. प्रत्यक्षात तिचं क्रिएटिनिन दुप्पट झालेलं आहे, आणि 'केडीगो' या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २०१२ च्या निकषांप्रमाणे ती एकेआयच्या तीनपैकी दुसऱ्या टप्प्यात आहे. पण तिचं आधीचं ०.५ कुठे लिहून ठेवलेलं नाही, तर दुप्पट कशाच्या म्हणायचं?

बायोमार्करचा शोध याच अडचणीतून निघाला. किडनीतल्या सूक्ष्म नळ्यांच्या पेशींवर ताण आला की त्या काही प्रथिनं सोडतात. लघवी याच नळ्यांतून वाहत येते, त्यामुळे रक्तात काही दिसायच्या आधी लघवीत खूण उमटते.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन झालेल्या ७१ मुलांची लघवी तपासली. 'एनजीएएल' नावाचं प्रथिन, ज्यांची किडनी पुढे बिघडली त्या मुलांत, ऑपरेशननंतर दोन तासांतच वाढलेलं सापडलं. त्याच मुलांचं क्रिएटिनिन चढायला एक ते तीन दिवस लागले. त्या लेखाने आमच्या क्षेत्रात खळबळ उडवली. मोठ्या माणसांत मात्र ही चाचणी तितकी चोख उतरली नाही, आणि त्याचं कारण तिच्या स्वभावातच आहे. एनजीएएल मुळात पांढऱ्या पेशींत सापडलेलं प्रथिन. जंतूंना वाढायला लागणारं लोह पळवून त्यांची उपासमार करणं हे त्याचं काम. त्यामुळे लघवीला संसर्ग झालेला असेल किंवा सेप्सिस असेल, तर किडनी शाबूत असूनही ते चढतं. माझ्याकडे येणाऱ्या लघवीच्या नमुन्यांत पस सेल, म्हणजे संसर्गाची खूण, नसलेले नमुने किती थोडे असतात ते मी बघते. नुसत्या या चाचणीच्या आकड्यावर मी कधीच विसंबणार नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२३ मध्ये लघवीतल्या एनजीएएलच्या एका चाचणीला परवानगी दिली तीही तीन महिने ते एकवीस वर्षं या वयापुरती.

दुसरी जोडी 'टिम्प-२' आणि 'आयजीएफबीपी-७' यांची. तीनशेहून जास्त प्रथिनं चाळून ही दोन निवडली गेली. २०१३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला, २०१४ मध्ये अमेरिकेत चाचणीला परवानगी मिळाली. पेशीवर संकट आलं की ती स्वतःचं विभाजन थांबवते, त्या थांबण्याशी ही प्रथिनं निगडित आहेत. आयसीयूतल्या कोणत्या रुग्णाची किडनी पुढच्या बारा तासांत बऱ्यापैकी बिघडेल, याचा अंदाज त्यांच्यावरून बांधतात.

तिसरं प्रथिन 'सीसीएल-१४', आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच, कारण त्याचा प्रश्न वेगळा आहे. 'किडनी बिघडेल का?' हे ते विचारत नाही. बिघडलेली आहेच, ती लवकर सुटेल की अडकून बसेल, हे विचारतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रुबी' अभ्यासात एकेआयच्या दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातले ३३१ रुग्ण होते. त्यातल्या ११० जणांची किडनी तिसऱ्या टप्प्यात ७२ तास किंवा त्याहून जास्त अडकून राहिली. असे रुग्ण आधीच ओळखण्यात या चाचणीला ०.८३ गुण मिळाले. अचूक भविष्य सांगणाऱ्याला १ मिळतात आणि छापा-काटा करणाऱ्याला ०.५. म्हणजे चांगली आहे, ब्रह्मवाक्य नाही.

या प्रश्नाला मी मोल का देते, ते आयसीयूच्या दाराबाहेर उभं राहिलं की कळतं. मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशनचं हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून अथणी-चिकोडीपासूनचे रुग्ण इथे येतात. नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, 'डायलिसिस लागेल' म्हणाले की नातेवाईक मला, लॅबवालीला, कोपऱ्यात गाठतात. "मॅडम, एकदा मशीनला लावलं की मग जन्मभर लागतं ना?" या भीतीपोटी माणसं सही द्यायला दोन दिवस लावतात. काही जण रुग्णाला घरी घेऊन जातात, आणि तो पोटॅशियम वाढून रात्रीत जातो. उलट बाजूचंही बघितलं आहे: दोन दिवस थांबलं असतं तर लघवी आपोआप सुटली असती अशा माणसालाही घाईने मशीनला जोडतात.

घाईने फायदा होत नाही, हे २०२० च्या 'स्टार्ट-एकेआय' या अभ्यासाने दाखवलं. सुमारे तीन हजार रुग्ण, पंधरा देश. निम्म्यांना डायलिसिस लगेच दिलं, निम्म्यांच्या बाबतीत नक्की गरज पडेपर्यंत थांबले. नव्वद दिवसांतले मृत्यू दोन्ही गटांत सारखेच, ४४ टक्क्यांच्या आसपास. थांबलेल्या गटातल्या ३८ टक्के रुग्णांना डायलिसिस लागलंच नाही. आणि वाचलेल्यांपैकी नव्वद दिवसांनंतरही डायलिसिसवर असलेले, घाई केलेल्या गटात १०.४ टक्के, थांबलेल्या गटात ६. तेव्हा कुणासाठी थांबायचं आणि कुणाला आजच मशीनजवळ न्यायचं, हे सांगणारी चाचणी ही चैन नव्हे. जतहून मिरजेला यायला दोन तास लागतात. 'आज रात्रीच १०८ मधून पाठवा' की 'इथेच ठेवा, सकाळी बघू', हा निर्णय तिथल्या मेडिकल ऑफिसरला एकट्याने घ्यावा लागतो.

मग घेऊन टाकावं का यंत्र? इथे जर्मनीतला एक अभ्यास आठवावा लागतो. २०१७, म्युन्स्टर, हृदयाचं ऑपरेशन झालेले २७६ रुग्ण, सगळे टिम्प-आयजीएफबीपी चाचणीत धोक्याचे ठरलेले. अर्ध्यांवर नेहमीचे उपचार केले, अर्ध्यांची नेमून दिलेली काळजी घेतली. नेहमीच्या गटात ७१.७ टक्क्यांना एकेआय झाला, काळजी घेतलेल्या गटात ५५.१ टक्क्यांना. चाचणी दोन्हीकडे झाली होती. फरक पडला तो नंतरच्या कामाने. आणि ते काम काय होतं? किडनीला घातक औषधं बंद, रक्तदाब आणि शरीरातलं पाणी नीट राखणं, साखर चढू न देणं, क्रिएटिनिन आणि लघवीवर बारीक नजर. रक्ताभिसरण मोजायची साधनं सोडली तर यातल्या एकाही गोष्टीला परदेशी किट लागत नाही. या गोष्टी ज्या वॉर्डात होत नाहीत, तिथे बायोमार्करचा रिपोर्ट फाइलला टाचण्यापुरता उरतो.

दुसरी शंका अशी, की या चाचण्यांचे धोक्याचे आकडे ठरले कुठे? अमेरिका-युरोपच्या आयसीयूत, हृदयाच्या ऑपरेशननंतर, सेप्सिसमध्ये. घोणस चावलेल्या, कावीळ झालेल्या लेप्टोच्या, फडात सुकलेल्या माणसाच्या लघवीत तेच आकडे लागू पडतात का? श्रीलंकेत घोणशीच्या दंशाच्या रुग्णांत एनजीएएल, क्लस्टेरिन अशी प्रथिनं तपासून पाहिली आहेत. २०१९ मध्ये ते प्रसिद्धही झालं. आपल्याकडे तेच साप आहेत, रुग्ण आहेत, मिरजेला १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. हे काम इथे व्हायला काय हरकत आहे, हा माझा आपल्याला थेट प्रश्न आहे.

तोवर, ज्याला बायोमार्कर म्हणून कुणी पत्रक छापत नाही अशा गोष्टी आपल्या हाताशी आहेत.

पहिली, लघवी किती होते. केडीगोच्या निकषांत क्रिएटिनिनच्या बरोबरीने हे मोजमाप आहे: शरीराच्या प्रत्येक किलोमागे ताशी अर्धा मिली, त्याहून कमी लघवी सलग सहा तास झाली तर तो एकेआय. साठ किलोच्या माणसाला तासाला ३० मिली, सहा तासांत १८० मिली, म्हणजे जेमतेम एक फुलपात्र. क्रिएटिनिन अजून झोपलेलं असताना ही खूण मिळू शकते. पण मोजतं कोण? साध्या युरिन बॅगवरच्या रेघा शंभर-शंभर मिलीच्या, त्यावर तासाचे ३० मिली दिसत नाहीत. रात्रपाळीला एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असतो. पहाटे बॅग रिकामी करताना एक आकडा लिहिला जातो आणि चार्टवर तो मागच्या सगळ्या तासांत वाटून टाकला जातो. मी सिस्टरांना दोष देत नाही, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. तासाची लघवी मोजायला वर छोटा कप्पा असलेली पिशवी मिळते, तिला युरोमीटर म्हणतात. साध्या पिशवीपेक्षा काही शे रुपये महाग, बस. यंत्राच्या किमतीत अशा किती येतील, हा हिशेब आपल्या अधिकाऱ्यांनी करावा.

दुसरी, काचपट्टी. ताजी लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची, तळाचा गाळ एक थेंब काचेवर घ्यायचा, मायक्रोस्कोपखाली धरायचा. नळ्यांच्या पेशी मरून गळाल्या असतील तर चिखलाच्या रंगाचे, खडबडीत, नळीच्याच आकाराचे साचे दिसतात. 'मडी ब्राऊन कास्ट'. एखाद-दुसरा दिसला तर शंका, काचेवर जिथे बघावं तिथे दिसले तर किडनीला जबर मार बसलेला आहे आणि नुसत्या सलाईनने ती लगेच उठणार नाही. काहीच दिसलं नाही तर बऱ्याचदा ती फक्त सुकलेली असते. पाणी मिळालं की चालू लागते. ही जवळजवळ फुकट मिळणारी भविष्यवाणी आहे. अट एकच, नमुना ताजा हवा. दोन तास टेबलावर राहिला की साचे विरघळायला लागतात. आणि बघणारा हवा. मशीनमधून छापून आलेल्या युरिन रिपोर्टवर हे साचे हमखास येतीलच असं नाही. आमच्या धंद्यातल्या तरुण मुलांना काच बघायचा कंटाळा येतो, हे मी उघडपणे लिहिते. रागावतील, रागावू देत.

तिसरी, डिपस्टिक. लघवीत बुडवायची, काही रुपयांची पट्टी. घोणस चावलेल्या माणसाच्या लघवीत पट्टी 'रक्त आहे' म्हणते आणि मायक्रोस्कोपखाली तांबड्या पेशी दिसत नाहीत, तेव्हा ते फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन तरी असतं नाहीतर स्नायूंतून सुटलेलं मायोग्लोबिन. दोन्ही किडनीच्या नळ्यांना घातक. पट्टी आणि काच यांच्यातली ही तफावत प्राथमिक आरोग्य केंद्रावर रात्री अकरा वाजताही पकडता येते.

चौथी डॉक्टरांच्या हातातली. एकेआयच्या सुरुवातीच्या टप्प्यात फ्युरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाचं मोजून एक इंजेक्शन द्यायचं, किलोमागे १ मिलिग्रॅम, आधी हे औषध घेत असेल तर दीड, आणि दोन तास लघवी मोजायची. २०० मिलीच्या आत राहिली तर किडनी पुढच्या टप्प्यात जाण्याची शक्यता दाट. २०१३ च्या ७७ रुग्णांच्या अभ्यासात पुढे तिसऱ्या टप्प्यात गेलेल्यांपैकी ८७ टक्के यात सापडले होते. इंजेक्शन काही रुपयांचं. मात्र सुकलेल्या माणसाला हे देऊ नये, आधी त्याचं पाणी भरून काढावं लागतं; नाहीतर त्या फडावरच्या बाईला आपणच खड्ड्यात ढकलू. हे डॉक्टरांनीच ठरवायचं. आणि इथेही शेवटी लघवी मोजणारं माणूस लागतंच.

तर आपल्याकडे माझं मागणं काय आहे?

ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत गंभीर रुग्णांसाठी युरोमीटर द्या, आणि रात्रपाळीला लघवीची तासाची नोंद ठेवायला माणूस द्या. माणसाशिवाय पिशवी देऊ नका, ती कपाटात राहील.

क्रिएटिनिनचा रिपोर्ट रुग्ण समोर असताना मिळायला हवा. सकाळच्या गाडीने नमुना जिल्ह्याला जातो आणि दुसऱ्या दिवशी आकडा येतो, तोवर रुग्ण फडावर परतलेला असतो. बोटाच्या थेंबावर क्रिएटिनिन सांगणारी हातातली यंत्रं मिळतात. आंतरराष्ट्रीय नेफ्रॉलॉजी संघटनेने एकेआयने होणारे टाळता येण्यासारखे मृत्यू २०२५ पर्यंत शून्यावर आणायचा संकल्प सोडला होता. तो काही पुरा झाला नाही, पण त्यातून नेपाळमध्ये धरानला, बोलिव्हियात आणि मलावीत हेच यंत्र आणि डिपस्टिक छोट्या केंद्रांवर वापरून पाहिलं गेलं. धरानला जमतं ते विट्याला का जमू नये?

हंगामाच्या सुरुवातीला साखर कारखान्यांवर मजुरांची शिबिरं होतात, तिथे क्रिएटिनिन एकदा तपासून प्रत्येकाच्या कार्डावर लिहून द्या. हे अगदी लहान काम, पण त्या बाईचं ०.५ कुठेतरी लिहिलेलं असेल. आणि एकेआयमधून उठून घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या डिस्चार्ज कार्डावर क्रिएटिनिनचा शेवटचा आकडा आणि 'तीन महिन्यांनी पुन्हा तपासा' हे मोठ्या अक्षरात मराठीत लिहायला लावा. तो माणूस तोवर बीडला गेलेला असेल. तिथल्या डॉक्टरला ते वाचता आलं पाहिजे. या लोकांत पुढे कायमचा किडनीचा आजार होण्याचा धोका जास्त असतो, आणि एरवी त्यांची गाठ थेट डायलिसिसच्या खुर्चीतच पडते.

बायोमार्कर त्यानंतर, आणि एकाच ठिकाणी: मिरजेच्या शासकीय महाविद्यालयात, एका रीतसर अभ्यासासाठी, मोजक्या किटसह. घोणस, लेप्टो, फडावरचे रुग्ण, वरची स्वस्त मोजमापं त्यांच्या जोडीला. चाचणी त्या काचपट्टीपेक्षा किती जास्त सांगते ते आकड्यांत दिसू दे. जास्त सांगत असेल तर मी स्वतः तिची वकिली करायला येईन.

खरेदी करायचीच वेळ आली तर एक व्यवहाराची गोष्ट सांगते, कारण प्रस्तावात ती लिहिलेली नसते. आमच्या धंद्यात यंत्र बऱ्याचदा नाममात्र भाड्याने नाहीतर फुकट मिळतं. पैसा किटमध्ये असतो, आणि किट त्याच कंपनीचं घ्यावं लागतं. किटला मुदत असते, ते थंड ठेवावं लागतं, आणि रुग्ण असो-नसो कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला नमुना, लावून रोजची खातरजमा करताना ते संपतं. म्हणून यंत्राची किंमत विचारू नका. मुदत संपून वाया जाणारे किट धरून एका रिपोर्टला किती पडतं आणि तीन वर्षांचा पुरवठा कोण करणार, हे लेखी मागा. रविवारी रात्री दोन वाजता ही चाचणी कोण लावणार, तेही विचारा. या शेवटच्या प्रश्नावर प्रतिनिधी हसतात, असा माझा अनुभव आहे.

मडी ब्राऊन कास्ट प्रत्यक्ष बघायची कुणा सदस्यांची इच्छा असेल तर लॅबमध्ये अवश्य यावं, स्लाइड लावून ठेवीन. फक्त सकाळी साडेदहानंतर या. त्याआधी उपाशीपोटी साखर तपासायला आलेल्यांची रांग जिन्यापर्यंत असते, आणि ती मोडून कुणाला आत घेता येत नाही.

आपली विश्वासू,
मिरजेतील एक पॅथॉलॉजिस्ट